मॅनलिफ्ट भाड्याने आणण्यापूर्वी: बास्केटमधला हूक आणि चाकाखालची जमीन

बास्केटवाला_फोंडा

मंडळी, नमस्कार.

गेली चौदा वर्षे मी बूम लिफ्ट, म्हणजे बूम या लांब पोलादी हाताच्या टोकाला माणसे उभी राहण्याची बास्केट असलेले चाकांवरचे यंत्र, चालवतो आहे. साइटवर तिला सगळे मॅनलिफ्टच म्हणतात, म्हणून पुढे मीही तोच शब्द वापरतो. गोव्यातल्या वेर्णा, कुंडई आणि मडकईच्या औद्योगिक वसाहतींतल्या शेड, झुआरीकाठच्या जहाजबांधणीच्या गोद्या, किनाऱ्यावरची हॉटेले आणि दोनदा देवळाचे शिखर, एवढ्या ठिकाणी मी या यंत्राच्या बास्केटमध्ये उभा राहिलो आहे. पावसाळा संपला की आपल्याकडे उंचावरची कामे एकदम निघतात. कारखान्यांचे पत्रे बदलायचे असतात, जत्रांसाठी देवळांना रंग आणि रोषणाई करायची असते, फेस्तांआधी चर्चना सफेदी करायची असते. पूर्वी यासाठी बांबूची परांची बांधली जात असे. आता पुष्कळ जण मॅनलिफ्ट भाड्याने आणतात. हा बदल चांगला आहे, कारण नीट वापरलेली मॅनलिफ्ट परांचीपेक्षा नक्कीच सुरक्षित आहे. पण यंत्र आणणारा माणूस वर किती उंच जायचे आहे हे विचारतो आणि खाली ते कशावर उभे राहणार आहे हे विचारत नाही. त्याबद्दल लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

एक घटना सांगतो. मी या धंद्यात नवा असताना एका कारखान्याच्या आवारात बाहेरच्या भिंतीवर पन्हाळी बसवण्याचे काम चालू होते. यंत्र साठ फुटी, सरळ बूमचे. बास्केटमध्ये मी आणि फिटर असे दोघे होतो. एका ठिकाणचे काम संपल्यावर बूम पूर्ण खाली घेऊन मग यंत्र पुढे न्यायला हवे होते; वेळ वाचवण्यासाठी आम्ही बूम वर ठेवूनच हळूहळू पुढे सरकत होतो. भिंतीच्या कडेने पंधरा दिवसांपूर्वी केबलसाठी चर खणून पुन्हा बुजवलेला होता. वरून पाहता ती माती इतर मातीसारखीच दिसत होती, तिच्यावर गवताचे चार कोंबही आले होते. पुढचे उजवे चाक त्या चरात जेमतेम वीतभर खचले. वरती आम्हाला आधी काही कळलेच नाही. मग बास्केट एका बाजूला झुकली, थांबली आणि उलट दिशेने झटक्यात वर आली. त्या उलट झटक्याने फिटरचे दोन्ही पाय बास्केटच्या तळापासून सुटलेले मी पाहिले. त्याच्या अंगावर पट्टा होता, पण पट्ट्याचा हूक त्याने स्वतःच्याच कमरेच्या कडीत अडकवून ठेवला होता. तो कठड्यावर छातीने आपटला, मी त्याचा पट्टा पाठीकडून धरला, आणि तो आत पडला. मनगट मोडले, जीव वाचला. अहवालात सुपरवायझरने ‘कामगाराला चक्कर आली’ असे लिहिले, आणि मी नवा असल्यामुळे त्याखाली सही केली. ती सही मला आजही टोचते, कारण चक्कर कोणालाच आलेली नव्हती.

हे गणित कोणीही कागदावर करून पाहावे. अशा यंत्राच्या दोन बाजूंच्या चाकांमधले अंतर सुमारे २.४ मीटर असते. एक चाक १० सेंटिमीटर खाली गेले, तर १८ मीटर उंचीवर असलेली बास्केट सुमारे ७५ सेंटिमीटर बाजूला जाते. ही केवळ भूमितीने निघणारी सरक आहे. लांब पोलादी बूम गळाच्या काठीसारखा लवतो आणि उसळतो, ती उसळी वेगळी. अंगावरचा पट्टा मुख्यतः याच उसळीसाठी असतो. माणूस नुसता तोल जाऊन पडू नये याची काळजी कठडा घेतो. कठड्यावरून बाहेर फेकला जाऊ नये यासाठी हूक असतो. हा फरक ज्याला कळला नाही, तो ‘मला उंचीची सवय आहे, मी पडत नाही’ असे म्हणतो आणि हूक लोंबकळत ठेवतो.

माझी विनंती एवढीच आहे की ज्यांनी या यंत्रावर किंवा यंत्राखाली काम केले आहे त्यांनी आपली पद्धत इथे सविस्तर लिहावी, आणि ज्यांना यंत्र भाड्याने आणायचे आहे त्यांनी मोकळेपणाने विचारावे.

रंगारी_म्हापसा

दादा, तुमचा लेख वाचून मी आमच्या पोरांनाही वाचून दाखवला. माझे रंगकामाचे कंत्राट आहे आणि वर्षातून पाच-सहा वेळा तरी मी मॅनलिफ्ट आणतो. मात्र हुकाबाबत आमच्या मुलांची एक अडचण आहे ती प्रामाणिकपणे मांडतो. बास्केटमध्ये दोन माणसे, रंगाचे दोन डबे, रोलर, आणि त्यात पट्ट्याची दोरी पायात येते. म्हणून आम्ही लांब दोरी घेतो, जिच्यात झटका शोषणारी पिशवी शिवलेली असते, म्हणजे हालचाल मोकळी राहते. काही वेळा समोरच्या इमारतीच्या लोखंडी कडीतही हूक अडकवतो, कारण इमारत हलत नाही आणि बास्केट हलते. यात काय चुकते ते सांगावे.

बास्केटवाला_फोंडा

तुम्ही सरळ विचारलेत, म्हणून सरळ उत्तर देतो. इमारतीत हूक अडकवण्याची सवय आजपासून बंद करा. बास्केट हलते हे तुमचे म्हणणे खरे आहे, आणि नेमके त्यामुळेच इमारतीला बांधून घ्यायचे नसते. यंत्र खचले, कोणाचा हात चुकून जॉयस्टिकवर गेला किंवा खालच्या माणसाने बूम खाली घेतला, तर बास्केट जाईल आणि तुमचा माणूस इमारतीला लटकत राहील. बास्केटमध्ये उत्पादकाने हुकासाठी कड्या दिलेल्या असतात आणि त्यांच्या शेजारी खूण असते. एका कडीला एकच माणूस, आणि हूक त्याच कडीत. कठड्याच्या पाइपालाही नाही.

आता लांब दोरीविषयी. झटका शोषणारी पिशवी उघडायला जागा लागते. सुमारे दोन मीटरची दोरी, पिशवी उसवल्यावर वाढणारी लांबी, माणसाची स्वतःची उंची आणि खाली थोडे मोकळे अंतर धरले तर सहा मीटरच्या आसपास उंची खर्च होते. म्हणजे पहिल्या मजल्याच्या पातळीवर काम करणाऱ्या माणसाला ती दोरी जमिनीपर्यंत पोहोचू देते. शिवाय लांब दोरी माणसाला आधी बास्केटबाहेर जाऊ देते आणि मग धरते. आपल्याला तो बाहेर जायलाच नको आहे. म्हणून लांबी कमी-जास्त करता येणारी आखूड दोरी घ्यावी आणि माणूस बास्केटच्या तळावर उभा राहून काम करू शकेल, पण कठड्यावर चढू शकणार नाही, इतकीच ती सोडावी. दोरी आखूड असली की पायातही येत नाही, आणि तुमच्या मुलांची अडचण तिथेच सुटते. पट्टा मात्र पूर्ण अंगाचा, खांदे आणि मांड्या धरणारा हवा. नुसता कमरेचा पट्टा घालून लटकलेल्या माणसाच्या पोटाला आणि कण्याला गंभीर इजा होते.

डब्यांबद्दलही एक सांगतो. बहुतेक यंत्रांच्या बास्केटची वजनमर्यादा २२७ किलोंच्या आसपास असते आणि ती बास्केटवरच्या पाटीवर लिहिलेली असते. दोन धडधाकट माणसे, त्यांची हत्यारे आणि २० लिटरचे चार डबे चढवले की ती मर्यादा संपते. डबे कठड्याच्या आतल्या बाजूला खाली बांधून ठेवा. कठड्याला बाहेरून लटकवू नका.

वीजतंत्री_डिचोली

मी वीज खात्यात तारमार्गांच्या देखभालीचे काम केले आहे. हूक आणि जमीन यांइतकाच विजेच्या तारांचा विषय महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

लोकांच्या मनात एक घोटाळा आहे. वीज खात्याची बकेट असलेली गाडी तारांजवळ काम करताना लोक पाहतात आणि समजतात की भाड्याची मॅनलिफ्टही तशीच आहे. काही खास गाड्यांचा बूम विद्युतरोधक असतो आणि त्याची ठरावीक काळाने विद्युत चाचणी होते. बांधकामावर येणारी साधी मॅनलिफ्ट तळापासून बास्केटपर्यंत पोलादाची असते आणि रबरी टायर तिला वाचवत नाहीत. तारेला स्पर्शच व्हायला हवा असेही नाही, कारण जास्त दाबाची वीज हवेतले अंतर उडी मारून पार करते. यंत्रांच्या पुस्तिकांत साधारणपणे ५० किलोव्होल्टपर्यंतच्या तारांपासून किमान ३ मीटर, त्यापुढे २०० किलोव्होल्टपर्यंत ४.६ मीटर आणि ३५० किलोव्होल्टपर्यंत ६.१ मीटर अंतर सांगितलेले असते. आपल्या गावांतून जाणाऱ्या ११ आणि ३३ किलोव्होल्टच्या तारा पहिल्या गटात येतात. हे अंतर मोजताना बूमचे डोलणे, वाऱ्याने तारेचे हेलकावणे आणि माणसाच्या हातातला रोलरचा लांब दांडा, हे सगळे धरायला हवे. रंगाऱ्यांच्या बाबतीत तो ॲल्युमिनियमचा दांडाच मला जास्त भीतिदायक वाटतो.

अंतर राखणे शक्य नसेल तर आधी वीज खात्याच्या उपकार्यालयात अर्ज करून पुरवठा बंद करून घ्यावा. ‘तार बंद आहे’ असे कोणी तोंडी सांगितले म्हणून काम सुरू करू नये. लेखी परवाना हातात हवा आणि खात्याच्या माणसाने तार जमिनीशी जोडलेली प्रत्यक्ष पाहिलेली हवी. जनरेटरवरून उलटा प्रवाह येऊन बंद तार जिवंत होण्याचा धोका आपल्याकडे मोठा आहे, कारण जवळजवळ प्रत्येक हॉटेलात आणि कारखान्यात जनरेटर आहे.

आणि यंत्र तारेला लागलेच तर? बास्केटमधल्या माणसाने आतच राहावे. यंत्र शक्य असेल तर हलवून तारेपासून दूर करावे. खालच्या माणसांनी यंत्राला हात लावू नये आणि दूर जावे. या वेळी मदतीला धावणारा माणूसच बळी पडतो, कारण यंत्राभोवतीची जमीनही विद्युतभारित असते आणि दोन पायांमध्ये अंतर पडले की त्या अंतरातून प्रवाह शरीरात शिरतो. आग लागल्यामुळे उतरणे भागच असेल, तर यंत्राला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श न करता, दोन्ही पाय जुळवून बाहेर उडी मारावी आणि पाय न उचलता घासत घासत लांब जावे. खात्याला फोन करून पुरवठा तुटल्याची खात्री झाल्याशिवाय कोणीही जवळ जाऊ नये.

कुळागरवाला

पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा माणूस, मिळत नाही ही आमची दरवर्षीची रड आहे. माडावरचे नारळ काढायला मॅनलिफ्ट चालेल का?

बास्केटवाला_फोंडा

कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, नाही. साठ फुटी यंत्र दहा टनांच्या आसपास वजनाचे असते, आणि बूम एका कोपऱ्यावर आला की जवळजवळ निम्मे वजन एकाच चाकावर येऊ शकते. पाटाच्या पाण्याने भिजलेल्या मातीत ते पहिल्याच वळणावर बसेल, आणि पाट मोडतील ते वेगळेच. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांच्या, बांधांवर आणि मेरांवरही हेच लागू आहे. हॉटेलच्या पक्क्या रस्त्याकडेचे माड असतील तर विचार करता येईल.

देवस्थान_सेवक

आमच्या गावच्या देवस्थान समितीत मी आहे. मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभासारखा आमचा मोठा नाही, पण पाच मजल्यांचा, साधारण ४५ फूट उंचीचा जुना दीपस्तंभ आहे. जत्रेआधी त्याला रंग द्यायचा आहे. पूर्वी परांची बांधत असू, तेव्हा चुन्याच्या गिलाव्याला बांबूंचे घाव बसत आणि दर वेळी कोपरे फुटत. म्हणून महाजनांच्या बैठकीत मॅनलिफ्टचा प्रस्ताव मी मांडला. प्रांगणात चिऱ्यांची आणि त्यावर फरशीची बांधणी आहे. भाड्याने देणाऱ्याने फोनवर ‘साठ फुटी पाठवतो, चिंता करू नका’ एवढेच सांगितले. हा धागा वाचून चिंता वाटू लागली आहे. मी नेमके काय पाहावे आणि काय विचारावे?

बास्केटवाला_फोंडा

तुम्हाला चिंता वाटली हे फार चांगले झाले. देवळाचे प्रांगण ही यंत्रासाठी फसवी जागा असते, म्हणून याचे उत्तर मोठे देतो.

आधी यंत्राची निवड. सरळ बूमचे यंत्र लांब पोहोचते. साठ फुटी असेल तर आडवे सुमारे १५ मीटर जाते. सांध्यांचे यंत्र हाताच्या कोपरासारखे दुमडते, त्यामुळे मंडपाच्या छपरावरून वर जाऊन पलीकडे उतरू शकते. दीपस्तंभ मोकळ्या प्रांगणात असेल तर दोन्हींनी काम होईल. सभामंडप, तुळशीवृंदावन किंवा अग्रशाळा (भक्तांच्या मुक्कामाची इमारत) मध्ये येत असेल तर सांध्यांचेच मागवा. कंपनीच्या माहितीपत्रकात ‘काम करण्याची उंची’ लिहिलेली असते, ती बास्केटच्या तळाच्या उंचीपेक्षा साधारण २ मीटरने जास्त असते, कारण हात वर करून पोहोचण्याची जागा त्यात धरलेली असते. तुलना करताना तळाचीच उंची विचारा. तुमच्या ४५ फुटांसाठी साठ फुटी यंत्र उंचीला पुरेसे आहे, पण खरा प्रश्न आडव्या अंतराचा आहे. यंत्र स्तंभाच्या पायथ्याशी नेता आले नाही, तर किती लांबून पोहोचावे लागेल ते टेप लावून मोजा.

आता जमीन. फरशी पक्की दिसते, पण फरशी म्हणजे पातळ कातडी आहे. तिच्याखाली काय आहे ते महत्त्वाचे. आपल्याकडच्या जुन्या प्रांगणांखाली पावसाच्या पाण्याच्या वाहिन्या असतात, बुजवलेल्या विहिरी असतात, आणि भक्तनिवास बांधल्यावर केलेल्या शौचालयांच्या टाक्या असतात. या टाक्यांवरची काँक्रीटची झाकणे माणसांच्या वजनासाठी केलेली असतात, पाच टनांच्या चाकासाठी नव्हे. जांभा जमिनीवर घट्ट असतो हे खरे, पण त्याच्या पोटात पोकळ्या असतात, आणि त्याच्याखालची पांढरट चिकण माती पावसाळ्यानंतर बरेच दिवस ओली राहते. म्हणून गावातल्या दोन-तीन वयस्कर माणसांना प्रांगणात घेऊन फिरा आणि इथे पूर्वी काय होते ते विचारा. नकाशात नसलेली गोष्ट त्यांना माहीत असते. त्यानंतर लोखंडी पहार घेऊन यंत्राच्या येण्याच्या वाटेवर आणि उभे राहण्याच्या जागेवर दर दोन-दोन हातांवर ठोकून आवाज ऐका. पोकळ आवाज आला की तिथे चुन्याने खूण करा आणि ती जागा सोडा. यंत्र उभे राहील तिथे चाकांखाली जाड लाकडी फळ्या किंवा पोलादी पत्रे घाला, म्हणजे भार पसरेल आणि फरशीही फुटणार नाही. पोकळीवर पत्रा टाकून मात्र भागत नाही. पोकळी टाळायचीच असते.

प्रांगणाला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. यंत्रात उताराची सूचना देणारा भोंगा असतो, आणि मर्यादा किती अंशांची हे त्याच यंत्राच्या पुस्तिकेत पाहावे लागते. तो वाजला की बूम आणखी वर न नेता, आधी आत ओढून मग खाली आणायचा असतो. भोंग्याची तार काढून ठेवलेली यंत्रे मी स्वतः पाहिली आहेत. म्हणून यंत्र ट्रेलरवरून उतरल्यावर ते आपल्यासमोर तपासायला लावा. लाल बटण दाबल्यावर सगळे थांबते का, पायाखालचा फूट स्विच सोडल्यावर हालचाल बंद होते का, खालच्या पॅनेलवरून बूम खाली येतो का, इंजिन बंद असताना आपत्कालीन पंप चालतो का, हे पाहायला दहा मिनिटेही लागत नाहीत. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत आधी स्विच आणि तारांची जोडणीच गंजते, त्यामुळे बाहेरून नव्या रंगाचे दिसणारे यंत्रही आतून आजारी असू शकते. १९४८ च्या कारखाना कायद्याने भार उचलणाऱ्या यंत्रांची निदान बारा महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी करण्याचा दंडक घातला. देवस्थान म्हणजे कारखाना नव्हे, तरीही तसा तपासणी दाखला मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि जो देत नाही त्याचे यंत्र घेऊ नका.

ऑपरेटरकडे मोटारीचा परवाना असणे पुरेसे नाही. १९८३ साली स्थापन झालेली आयपॅफ ही आंतरराष्ट्रीय संघटना या यंत्रांसाठी चालकांना प्रशिक्षण देऊन पॅल कार्ड देते. चालत्या बूम यंत्रासाठी त्यावर ३बी हा वर्ग असतो आणि कार्डाची मुदत पाच वर्षे असते. सगळ्यांकडे ते असेलच असे नाही, पण त्या प्रकारच्या यंत्राचे लेखी प्रशिक्षण हवेच. कार्ड नसलेला पण काळजीने चालवणारा ऑपरेटरही मी पाहिला आहे. तरी तुम्ही अनोळखी माणसाची काळजी फोनवर तपासू शकत नाही, कागद तपासू शकता.

शेवटी वारा. बहुतेक यंत्रे वाऱ्याच्या १२.५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर वेगापर्यंतच वापरायची असतात. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. आपल्याकडे दुपारनंतर पश्चिमेकडून खारा वारा सुटतो आणि तो वर जास्त लागतो. त्यामुळे उंचावरचे काम सकाळी लवकर सुरू करून दुपारी वारा वाढण्याआधी संपवावे. बास्केटला फ्लेक्स किंवा ताडपत्री बांधू देऊ नका, तिचे शीड होते.

गोदीतली_सुरक्षा

मी एका जहाजबांधणीच्या गोदीत सुरक्षा अधिकारी आहे. बास्केटवाला दादांनी जमिनीबद्दल लिहिले ते मला शब्दशः पटते. आमच्याकडे धोका बऱ्याचदा डोक्यावर असतो, त्याबद्दल दोन गोष्टी सांगते.

जहाजाच्या नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, भाग वरून बाहेर झुकलेला असतो. त्याच्याखाली रंगकाम करताना ऑपरेटर मागे सरकतो आणि त्याची नजर रंगाच्या कडेवर असते. अशा वेळी पाठीमागचा किंवा डोक्यावरचा पोलादी भाग त्याला पॅनेलवर दाबतो. दाबल्यावर छाती जॉयस्टिकवर टेकते, घाबरलेला पाय फूट स्विचवर आणखी जोराने पडतो, आणि यंत्र त्याच दिशेने ढकलत राहते. माणसाला ओरडायलाही श्वास उरत नाही. आता काही यंत्रांत पॅनेलसमोर दाब ओळखणारी पट्टी येते. तिच्यावर भार आला की हालचाल थांबते आणि यंत्र थोडे उलट जाते. आम्ही भाड्याने यंत्र घेताना ही पट्टी असलेलेच मागतो. ज्या यंत्रांत ती नाही, त्यांच्यासाठी खाली एक माणूस केवळ बास्केटकडे पाहण्यासाठी ठेवतो आणि त्याला दुसरे कोणतेही काम देत नाही.

दुसरी गोष्ट सुटकेची. बास्केटमधला माणूस बेशुद्ध झाला तर खालून बूम कोण उतरवणार? आम्ही पहिल्यांदा सराव केला तेव्हा अकरा मिनिटे लागली, कारण खालच्या पॅनेलची किल्ली ऑपरेटरने स्वतःच्या खिशात घालून वर नेली होती. खाली पाच माणसे उभी होती आणि कोणाच्याही हातात काही नव्हते. तेव्हापासून काम चालू असताना किल्ली खालच्या पॅनेलमध्येच राहते, आणि खालच्या माणसाने सकाळी एकदा स्वतःच्या हाताने बूम उतरवून दाखवल्याशिवाय काम सुरू होत नाही. पट्ट्यात निश्चल लटकलेल्या माणसाचे रक्त पायांत साचते आणि काही मिनिटांत प्रकृती गंभीर होऊ शकते, म्हणून ‘अग्निशमन दलाला बोलावू’ ही सुटकेची योजना होऊ शकत नाही. त्यांना बोलवावेच, पण पोहोचेपर्यंतचा वेळ आपलाच असतो.

रंगकाम करणाऱ्यांसाठी एक छोटी सूचना. पॅनेलवर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळा. रंगाच्या फवाऱ्याने बटणांवरच्या खुणा झाकल्या गेल्या की ‘वर’ आणि ‘खाली’ अंदाजाने दाबले जाते. वाळूच्या माऱ्याचे काम असेल तर सिलिंडरचे चकचकीत दांडेही झाका. कण सीलमध्ये शिरले की तेल गळू लागते.

रंगारी_म्हापसा

ताई, एक शंका आहे. आम्हाला एका जेटीवर पाण्याच्या अगदी काठाला काम आले आहे. बास्केट पाण्यावर जाणार. तिथेही हूक लावायचा का? यंत्र पाण्यात गेले तर हूक लावलेला माणूस त्याच्याबरोबर तळाला जाईल.

गोदीतली_सुरक्षा

तुमची शंका बरोबर आहे, आणि हूक लावायच्या नियमाला असलेला हा नेमका अपवाद आहे. पाण्यावर किंवा पाण्याच्या काठी काम करताना फेकले जाण्यापेक्षा बुडण्याचा धोका मोठा ठरत असेल, तर जीवरक्षक जाकीट घालून हूक न लावण्याचा निर्णय घेता येतो. मात्र तो निर्णय त्या जागेचा धोका तपासून, लेखी आणि जबाबदार माणसाच्या सहीने व्हायला हवा. रंगाऱ्याने वर गेल्यावर स्वतःच्या मनाने तो घ्यायचा नसतो. जेटीची वजन पेलण्याची क्षमता तिच्या मालकाकडून लेखी घ्या, चाके कडेपासून लांब ठेवा, आणि भरती-ओहोटीच्या वेळा पाहून बचावाची होडी तयार ठेवा. यंत्र बार्जवर (सपाट तळाच्या मालवाहू तराफ्यावर) चढवून वापरायचा विचार कोणी सुचवला तर नकार द्या. उत्पादकाची खास लेखी परवानगी नसेल तर हलणाऱ्या तळावर हे यंत्र वापरायचे नसते.

रंगारी_म्हापसा

आभारी आहे. आखूड दोऱ्या काल मागवल्या. मुलांपैकी एकाने आधी कुरकूर केली, पण सकाळी बास्केटमध्ये उभा राहून दोरीची लांबी स्वतःच बसवून घेतली आणि मग दिवसभर काढली नाही. ॲल्युमिनियमचे दांडे बाजूला ठेवले आहेत. वीजतंत्री साहेबांनी लिहिले ते वाचल्यापासून ते हातात घ्यायला नको वाटतात.

देवस्थान_सेवक

बास्केटवाला दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे काल संध्याकाळी आम्ही पहार घेऊन प्रांगणात फिरलो. आमच्याबरोबर पुजाऱ्यांचे ऐंशीच्या घरातले काका होते. दीपस्तंभाच्या उत्तरेला, जिथे यंत्र उभे करायचे आम्ही ठरवले होते, तिथे आल्यावर ते थांबले आणि म्हणाले, ‘इथे माझ्या लहानपणी बांव (विहीर) होती.’ आमच्यापैकी कोणालाच ते माहीत नव्हते. पहार ठोकली तर फरशीच्या चार ओळी पोकळ वाजल्या. तिथून दोन हात पलीकडे मात्र आवाज भरीव होता. फरशी काढून अजून पाहिले नाही. पण तेवढ्या भागाभोवती बांबू रोवून दोरी बांधली आहे, म्हणजे जत्रेत कोणी दुकानाची गाडीही तिथे उभी करणार नाही.

आता यंत्र दक्षिणेकडून आणावे लागेल. तिकडून स्तंभापर्यंत टेपने ९ मीटर भरले आणि मध्ये तुळशीवृंदावन आहे. सांध्यांचे यंत्र मागायचे असे ठरले आहे. तपासणी दाखला मागितल्यावर पहिल्या माणसाने ‘नंतर पाठवतो’ म्हटले आणि मग फोन उचलला नाही. दुसऱ्याने दाखला आणि ऑपरेटरचे कार्ड दोन्ही त्याच दिवशी पाठवले. भाडे थोडे जास्त आहे, पण समितीने मान्य केले.

बास्केटवाला_फोंडा

दुसऱ्याचेच घ्या. मधले वृंदावन आणि ९ मीटर अंतर सांगून त्या यंत्राचा पोहोच-आलेख मागवा. ४५ फूट उंचीवर ९ मीटर आडवे पोहोचते का, हे त्यावर दोन रेषा काढून दिसेल. आलेखात अगदी कडेला येत असेल तर एक आकार मोठे यंत्र घ्या. यंत्र उतरेल त्या दिवशी मी रविवारची सुटी धरून येऊ शकतो. पहार तिथेच ठेवा. ट्रेलर फाटकातून जिथून वळणार आहे ती वाटही आधी ठोकून पाहू, कारण भरलेला ट्रेलर यंत्रापेक्षा जड असतो.